विश्लेषण : दारात चारचाकी नसताना घरचा बाजार कसा होतो?

देऊळगाव राजात ‘गाडी घेतली’ असे कुणी सांगितले, तर ऐकणारा दुचाकीच समजतो. चारचाकी असेल तर ‘फोर व्हीलर घेतली’ असे मुद्दाम सांगावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्या घरात होती. जवळचे मोठे शहर आणि रेल्वे स्थानक म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरवरचे जालना. येथील बहुतेक घरांचा किराणा, भाजी आणि दूध आजही पायी, सायकलवर, दुचाकीच्या हुकला पिशवी अडकवून किंवा एसटी-ऑटोने घरी येते. ही उणीव नाही, ती पिढ्यानपिढ्या बसलेली घडी आहे. मात्र ही घडी आपोआप टिकेल, असे समजणे चुकीचे ठरेल.

किती घरांकडे चारचाकी आहे?

२०११च्या जनगणनेनुसार देशातील ४.७ टक्के कुटुंबांकडे कार, जीप किंवा व्हॅन होती. दुचाकी २१ टक्के कुटुंबांकडे, तर सायकल ४४.८ टक्के कुटुंबांकडे होती. त्यानंतर २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात चारचाकी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आढळले. म्हणजे शंभरातील नव्वदहून अधिक घरांसाठी ‘डिकीत सामान टाकले आणि आलो’ हा पर्यायच नाही.

दुचाकी वाढल्या हे खरे. पण घरात दुचाकी असणे वेगळे आणि सौदा आणायच्या वेळी ती हाताशी असणे वेगळे. सकाळी घरातला कर्ता माणूस ती घेऊन शेतात, दुकानात किंवा जालन्याला कामावर जातो. घरी राहतात त्या बायका, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. घरचा बाजार बहुधा त्यांनाच करावा लागतो. कागदोपत्री ते ‘वाहनधारक कुटुंबा’त मोडतात, प्रत्यक्षात हातात पिशवी आणि पायात चप्पल, एवढेच त्यांचे वाहन.

घराला महिन्याला किती ओझे लागते?

पाच माणसांच्या घराचा ढोबळ हिशेब मांडू. गहू, तांदूळ, ज्वारी मिळून चाळीस किलो. तेल चार-पाच किलो, साखर तेवढीच, डाळी पाच किलो. मीठ, चहा, मसाला, साबण यांचे आणखी पाच किलो. कांदे-बटाटे दहा किलो. रोज अर्धा-पाऊण किलो भाजी धरली तर महिन्याला वीस किलो. रोज एक लिटर दूध म्हणजे तीस किलो. बेरीज होते एकशे वीस किलोच्या आसपास. कमी-जास्त धरले तरी महिन्याला क्विंटलभर वजन दुकानापासून चुलीपर्यंत कुणीतरी आणत असते.

घरखर्चाच्या वहीत तेलाचा भाव लिहिला जातो, वाहून आणण्याची मजुरी लिहिली जात नाही. ती घरातल्याच कुणाच्या तरी खांद्यावर आणि कमरेवर जमा होते.

मग हे ओझे घरी येते कसे?

तीन वाटांनी येते. प्रत्येक वाटेचा काळ वेगळा आणि अंतरही वेगळे.

पहिली वाट महिन्याच्या किराण्याची. धान्य, तेल, साखर, डाळ हे जड सामान महिन्यातून एकदा भरले जाते. यादी चिठ्ठीवर दिली काय किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली काय, ओळखीचा किराणा दुकानदार माल बांधून दुकानातल्या पोऱ्याच्या हाती घरी पाठवतो. त्याच्याकडे उधारीची वही असते. पगार किंवा शेतमालाचे पैसे येईपर्यंत तो थांबतो. मॉलमध्ये तेलाच्या डब्यामागे दहा-वीस रुपये वाचतात, पण तेथे ना वही असते, ना पोऱ्या. भावांची तुलना करताना या दोन सेवांची किंमत धरलीच पाहिजे.

दुसरी वाट आठवडी बाजाराची. कांदे, बटाटे, लसूण, मिरची असे टिकणारे जिन्नस आठवड्याचे एकदम घेतले जातात. सकाळी गेले तर माल निवडून मिळतो. दिवेलागणीला गेले तर स्वस्तात मिळतो, कारण विक्रेत्याला उरलेला माल परत न्यायचा नसतो. वाहन नसणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. एक मोठी थैली नेण्यापेक्षा सारख्या वजनाच्या दोन पिशव्या न्याव्यात, म्हणजे एकाच खांद्यावर भार येत नाही. आणि शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून बाजार करावा, म्हणजे परतीच्या ऑटोचे भाडे वाटले जाते. जड खरेदी शेवटी करावी, हा तर प्रत्येक आजीला ठाऊक असलेला नियम.

तिसरी वाट रोजची. दूधवाला, पालेभाजीची हातगाडी, फळवाली. या वाटेवर गिऱ्हाईक बाजाराकडे जात नाही, बाजार गिऱ्हाइकाकडे येतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा तान्हे मूल असलेल्या सुनेला ताजी भाजी मिळते ती या हातगाडीमुळेच.

जालन्याहून एकदम माल आणणे परवडते का?

दुचाकीवर जाऊन-येऊन पासष्ट-सत्तर किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तरी सव्वा लिटरहून जास्त पेट्रोल जळते. शंभरीपार गेलेल्या पेट्रोलच्या भावात हा खर्च सव्वाशे ते दीडशे रुपयांचा. शिवाय अर्धा दिवस जातो आणि दुचाकीवर वीस-पंचवीस किलोच्या वर माल सुरक्षित आणता येत नाही. लग्नसराई किंवा दिवाळीचा मोठा बाजार असेल तर हा फेरा परवडतो. रोजच्या किराण्यासाठी परवडत नाही.

आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांचे काय?

देऊळगाव मही, सिनगाव जहागीर, मेहुणा राजा, अंढेरा अशा गावांतील माणसांना तालुक्याच्या ठिकाणी यायचे तर एसटी, काळीपिवळी किंवा ऑटो हाच आधार. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास, तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. जानेवारी २०२५मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी या सवलतींमुळे बाजाराला येणाऱ्या महिलेचा भार बराच हलका झाला आहे.

पण सवलत उपयोगी पडते ती बस आली तरच. बाजाराच्या दिवशी संध्याकाळची शेवटची बस चुकली किंवा रद्द झाली, तर अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे ऑटोवाल्याच्या हाती जातात. खेड्यातल्या माणसासाठी बाजाराचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, बसच्या वेळापत्रकात मोजावे लागते.

रेशनचे धान्य ‘द्वारपोच’ म्हणजे कुणाच्या दारी?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. शासकीय गोदामातून धान्य पोहोचवण्याच्या योजनेला राज्यात ‘द्वारपोच’ म्हणतात. मात्र हे दार रेशन दुकानदाराचे आहे. तेथून पुढे पंचवीस-पस्तीस किलोंची गोणी घरी नेणे ही लाभार्थ्याची जबाबदारी. ई-पॉस यंत्र आल्यापासून शिधापत्रिकाधारकाला दुसऱ्या दुकानातूनही धान्य घेता येते. आपले दुकान लांब असेल आणि दुसरे जवळ असेल, तर या सोयीचा वापर जरूर करावा.

बुलढाणा जिल्ह्यात याला आणखी एक पैलू आहे. राज्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना २०१५पासून माणशी ५ किलो धान्य सवलतीत मिळत होते. त्यात बुलढाणाही आहे. २०२३मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला आणि २०२४मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली. पाच किलोने भागले तर किलोमागे ३४ रुपये होतात. कागदावर हिशेब जुळतो. पण या रकमेत बँकेपर्यंतचा हेलपाटा, बाजारापर्यंतचे भाडे आणि धान्य घरी आणण्याचा खर्च धरलेला नाही. पूर्वी गावातल्या दुकानात मिळणारे धान्य आता बाजारातून आणायचे, म्हणजे पैसे खात्यात आले आणि अंतर लाभार्थ्याच्या माथी बसले.

याउलट गॅस सिलिंडर पाहा. त्याच्या किमतीतच घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. ग्राहकाने गोदामातून स्वतः सिलिंडर नेला, तर तेवढी सूट मागण्याचा त्याला हक्क आहे. वाहून नेण्यालाही किंमत असते, हे तत्त्व सरकारने गॅसबाबत मान्य केले आहे. धान्याबाबत मात्र ते अजून मान्य झालेले नाही.

जपानचा अनुभव काय सांगतो?

जपानमध्ये गावागावांतील छोटी दुकाने बंद पडत गेली आणि खरेदी मोठ्या रस्त्यांवरच्या सुपरमार्केटमध्ये गेली. गाडी चालवणे न झेपणारे वृद्ध मागे राहिले. त्यांना तेथे ‘खरेदीचे निर्वासित’ असे म्हटले जाते. दुकान ५०० मीटरहून लांब आहे आणि मोटार वापरता येत नाही, अशा ६५ वर्षांवरील व्यक्तींची संख्या तेथील कृषी मंत्रालयाने २०२०साठी सुमारे ९० लाख सांगितली होती. आता तेथे छोट्या ट्रकमध्ये भाजी, मासे, दूध भरून दारोदार नेणाऱ्या फिरत्या दुकानांचा प्रसार होत आहे. म्हणजे आपल्याकडे हातगाडी जे काम रोज सकाळी करते, ते त्या श्रीमंत देशाला आता नव्याने उभे करावे लागत आहे. हातातली गोष्ट घालवून ती पुन्हा विकत घेण्याची वेळ आपल्यावर का यावी?

आपल्याकडे धोका कुठे आहे?

गाव वाढते तसे नवे लेआऊट बाहेरच्या रस्त्यांना लागून पडतात. तेथे प्लॉट मिळतो, पण भाजीचा ओटा, पिठाची गिरणी, रेशन दुकान यांचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही. विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षण टाकले, तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम १२७नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावरही २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण उठते. मग मंडईची जागा निवासी प्लॉट होते आणि भाजीवाले रस्त्यावर येतात. पुढे त्याच रस्त्यावर ते ‘अतिक्रमण’ ठरतात.

अशा वेळी २०१४चा पथविक्रेता कायदा लक्षात ठेवावा. त्यानुसार पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी झाले पाहिजे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांत एकतृतीयांश महिला हव्यात. जेथे बाजार आपसूक भरत आला आहे, ती जागा ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ करता येत नाही. ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय विक्रेत्याला हटवता किंवा हलवता येत नाही. हा कायदा विक्रेत्याच्या पोटासाठी आहे असे आपण समजतो. वाहन नसलेल्या गिऱ्हाइकासाठीही तो तितकाच मोलाचा आहे, कारण हातगाडी हटली की पहिली पायपीट त्याची वाढते.

नगर परिषदेने काय करावे?

फार पैसा लागणार नाही. आठवडी बाजार आहे त्याच वस्तीत राहू द्यावा आणि तेथे सावली, पाणी, दिवे आणि महिलांसाठी स्वच्छतागृह द्यावे. नवा लेआऊट मंजूर करताना चालत दहा मिनिटांत भाजी, पीठ आणि दूध मिळेल का, हा प्रश्न फाईलवर लेखी विचारावा. मंडईच्या आरक्षणांची मुदत कधी संपते, याचा तक्ता सभेपुढे ठेवावा. प्रत्येक प्रभागात हातगाड्यांसाठी ठराविक थांबे आखावेत. पीएम स्वनिधीतून १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपयांचे टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते. त्याचे अर्ज विक्रेत्यांकडून भरून घ्यावेत. एसटी आगाराशी बोलून बाजाराच्या दिवसाची शेवटची बस नक्की करून घ्यावी. एकट्या वृद्ध आणि दिव्यांग अंत्योदय कार्डधारकांपर्यंत महिन्यातून एकदा धान्य पोहोचवण्याचे काम महिला बचत गटांना मजुरी देऊन सोपवता येईल का, हे तहसील कार्यालयाने तपासावे.

बालाजी महाराजांच्या यात्रेत या गावात हजारो माणसे पायी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी रस्ते मोकळे होतात, पाणी ठेवले जाते, दुकाने लागतात. पायी येणाऱ्याची सोय कशी करायची, हे गावाला उत्तम ठाऊक आहे. तीच आस्था वर्षाच्या उरलेल्या दिवशी, हातात दोन पिशव्या घेऊन उन्हातून घरी निघालेल्या बाईसाठीही दिसली पाहिजे. तिला चारचाकीची गरज नाही. बाजार तिच्या चालण्याच्या टप्प्यात राहिला तरी पुरे आहे.