जुनी चालेल, पण मापाची हवी

वस्तीत तपासणी शिबिर लावलं की चाळिशीच्या बाया रांगेत येतात. मी बीपी-शुगर लिहून घेते आणि सांगते, "ताई, रोज चालत जा." उत्तर ठरलेलं, "चार घरची धुणीभांडी करून येते, अजून किती चालू?" खरं आहे त्यांचं. म्हणून हल्ली मी म्हणते, कामावर सायकलने जा. अंगाचा भार सीटवर जातो, त्यामुळे गुडघ्यांवर चालण्यापेक्षा कमी वजन येतं. मोठ्या माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटं थोडा दम वाढेल असा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा, पाच दिवसांत हिशेब पूर्ण. रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

पण सायकल कोणती घ्यायची, इथं आपण फसतो. मीही फसले. शाळेत असताना भाड्याच्या सायकलवर शिकले होते, लग्नानंतर वीस वर्षं पायडलला पाय लावला नव्हता. शुगर वाढली तेव्हा हप्त्यावर नवी घेतली. गिअर, पुढे-मागे स्प्रिंग, जाड टायर. दुकानदार म्हणाला, आता हीच चालते. उचलून ओट्यावर चढवताना कंबर धरायची. आपण पायडल मारावं आणि त्यातला जोर स्प्रिंगने खावा, अशी तिची तऱ्हा. दोन महिन्यांत तिच्यावर कपडे वाळत होते, हप्ते मात्र चालूच होते.

सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जायला गिअर लागत नाहीत. साधी लेडीज सायकल घ्या, पुरुषांनीही घेतली तर काही बिघडत नाही. चेनकव्हर हवं, नाहीतर साडी-ओढणी अडकते. मागे कॅरिअर हवा. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे अशा दोन-चार जुन्या उभ्या असतात. माझी दुसरी सायकल अडीच हजारांना मिळाली, ओव्हरऑइलिंग आणि ब्रेकच्या रबरांना आणखी सहाशे गेले.

घेताना रंग बघू नका. चाक उचलून फिरवा, डोलत असेल तर आउट काढून मागा. चिमटा आणि दांड्यांचे जोड बोटाने चाचपा. तिथं चीर किंवा नवं वेल्डिंग असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. बाकी टायर, ट्यूब, छर्रे, सगळं बदलता येतं.

आणि चिठ्ठी लिहून घ्या. पायडलच्या एक्सलखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, तो चिठ्ठीत हवा. आपल्या पोराच्या हातात सायकल दिसली की "कुणाची आणलीस?" असं विचारणारे कमी नाहीत. कागद घरात असलेला बरा.

मापाचं सांगते, कारण शिबिरात गुडघ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच सायकलवाल्यांची सीट खाली असते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच बरोबर. मात्र खूप वर्षांनी बसत असाल तर पहिले काही दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली ठेवा. तोल आला की थोडी थोडी वर घ्या.

छातीत दुखत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका. पिशवीत चार चमचे साखरेची पुडी ठेवा. घाम फुटून हात थरथरायला लागले तर लगेच उतरून ती खायची. पायाला मुंग्या येत असतील तर चप्पल नको, बंद बूट घाला.

मी पहिले आठ दिवस विहारामागच्या मैदानात पहाटे अंधारात चालवली, कुणी बघू नये म्हणून. नवव्या दिवशी दोघी जणी तिथं येऊन उभ्या. "ताई, आम्हाला पण एक चक्कर द्या." एकीचे पाय पोचत नव्हते. पाना घरी राहिला होता, तो आणायला पळाले.