मानवीकृत उंदराच्या इतिहासात कोण गाळले गेले?

एड्सच्या इतिहासात संशोधक येतात, रुग्ण येतात, आंदोलक येतात. एक उंदीरही येतो. त्या उंदराच्या देहात ज्या मानवी ऊतकाने मूळ धरले, त्याची नोंद मात्र शोधनिबंधातील कार्यपद्धतीच्या एका ओळीत आटोपते. ही नोंद मोठी व्हायला हवी होती.

मूळ अडचण अशी, की एचआयव्ही हा विषाणू उंदराच्या पेशींना संसर्ग करत नाही. चिंपांझीला संसर्ग होई, पण तो क्वचितच आजारी पडे. साथ पसरत होती आणि तिचा अभ्यास करण्याजोगा लहान प्राणी हाताशी नव्हता.

वाट सापडली ती योगायोगाने. फिलाडेल्फियातील फॉक्स चेस कर्करोग केंद्रात मेल्विन व गेल बॉस्मा यांना काही उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडेच आढळेनात. त्यांच्या शरीरात कार्यक्षम टी आणि बी पेशी तयार होत नव्हत्या. १९८३ साली हे 'स्किड' उंदीर जगापुढे आले. परके ऊतक नाकारण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. इतरांना हे व्यंग वाटले असते. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना ती रिकामी जमीन दिसली.

१९८८ साली स्टॅनफर्डमध्ये माइक मॅक्यून, अर्व्हिंग वाइसमन आणि सहकाऱ्यांनी त्या जमिनीत मानवी गर्भाचे थायमस, यकृत आणि लसिका ग्रंथी यांचे ऊतक रुजवले. हे ऊतक गर्भपातानंतर मिळालेले होते. त्याच वर्षी ला होया येथे डोनाल्ड मोझियर यांच्या गटाने प्रौढ माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वापरून दुसरी वाट चोखाळली.

१९९० साली या उंदरांना एझेडटी देऊन विषाणूचा संसर्ग दडपला गेल्याचे दाखवण्यात आले. औषध १९८७ पासूनच रुग्णांना मिळत होते. म्हणजे खरी परीक्षा औषधाची नव्हती, उंदराची होती. आणि तो उत्तीर्ण झाला. मानवी प्रतिकारशक्तीचे पूर्ण नाट्य मात्र त्याच्यात रंगत नव्हते. रुजवलेल्या ऊतकाबाहेर मानवी पेशी विरळच होत्या.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली २००६ च्या 'बीएलटी' उंदराने. अस्थिमज्जा, यकृत, थायमस ही त्या नावातील तीन अक्षरे. मानवी पेशी त्याच्या श्लेष्मल त्वचेपर्यंत पोहोचल्या, म्हणून लैंगिक मार्गाने होणारा एचआयव्ही संसर्ग त्याच्यात अभ्यासता आला. संसर्गापूर्वीच औषध दिले तर तो टळतो, हे २००८ साली याच उंदरात दिसले. त्यासाठीही गर्भाचेच ऊतक लागले होते.

आणि इथेच राजकारण आडवे आले. जून २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळांत गर्भपातातून मिळणाऱ्या ऊतकावरील संशोधन थांबवले. बाहेरच्या प्रस्तावांसाठी नैतिक सल्लागार मंडळ नेमले गेले. २०२० साली, ऐन कोविडच्या काळात, त्या मंडळाने १४ पैकी १३ प्रस्ताव नाकारण्याची शिफारस केली. एप्रिल २०२१ मध्ये हे निर्बंध मागे घेतले गेले.

बंदी चुकीचीच होती. साथीच्या काळात तर अक्षम्य. तरीही ऊतक कुठून आले, हा प्रश्न जाहीरपणे विचारला तो विरोधकांनी. संशोधनाच्या समर्थकांनी तो तीस वर्षे एका ओळीत दडवला होता. ज्या स्त्रियांच्या संमतीवर हे शास्त्र उभे राहिले, त्यांच्याविषयी आदराने बोलण्याची भाषाच त्यांनी घडवली नव्हती. वाद पेटला तेव्हा त्यांच्यापाशी आकडे होते, शोधनिबंध होते; ती भाषा नव्हती.