कर्वेनगरकरांनो, साथ येण्याआधी प्रश्नांचा क्रम ठरवू या



पुढची साथ कधी येईल, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ती आली की पहिल्या दिवशी कुणाला काय विचारायचे, हे मात्र आज ठरवता येते, आणि ते आजच ठरवायला हवे. म्हणून हे आवाहन. ते सगळ्यांना आहे, पण सर्वात आधी संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना. मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच, आपल्या कर्वेनगरात आहे. संगणकाचे काम जाणणारी माणसे शोधायला लांब जायची गरज नाही.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन करोनाबाधित पुण्यात सापडले. दुबईहून परतलेले ते दांपत्य होते. लगेच माग काढला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून घेऊन आलेला टॅक्सीचालक आणि विमानातला एक सहप्रवासी बाधित असल्याचे कळले. पुढे २ एप्रिलला आरोग्य सेतू अ‍ॅप आले. पण ज्याच्या हातात स्मार्टफोन नव्हता, तो त्या अ‍ॅपला दिसतच नव्हता. गोसावी वस्तीतला मजूर आणि बंगल्यातले एकटे आजोबा, दोघेही त्यातून सुटणारे.

त्यामुळे मुलांनो, आधी अ‍ॅप करायला बसू नका. आधी प्रश्नाचे तुकडे करा. पहिला तुकडा हा, की आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशामार्फत पोचतो? जून २०२४ मध्ये शेजारच्या एरंडवण्यात झिका आढळला. तो मुख्यतः एडिस डासामार्फत पसरतो. तिथे ‘कोणाला भेटलात?’ यापेक्षा ‘घराभोवती पाणी कुठे साठले आहे? जवळपास गर्भवती कोण आहे?’ हे आधी विचारायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये राजाराम पुलापलीकडे सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. तिथला प्रश्न होता, ‘पाणी कुठून येते?’ गोवर असेल तर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनचे संपर्क शोधावे लागतात. आजार बदलला की प्रश्न बदलतो, मात्र चौकट तीच राहते.

ती चौकट अशी. रुग्णाच्या संपर्कातली माणसे एका रांगेत लावा. ज्याच्यापासून अधिक लोकांना धोका, तो पुढे. एकाला विचारून झाले की खूण करा, म्हणजे तेच दार दोनदा वाजणार नाही. नवा बाधित निघाला की त्याचे संपर्क रांगेत घाला. रांग रिकामी झाली, की थांबा. एवढे काम वहीतही होते. आणि पुढे जाताना मागेही वळा: या रुग्णाला आजार कुठे लागला? मंगल कार्यालयात, क्लासमध्ये की जिममध्ये? जपानने २०२० मध्ये या उलट्या शोधावर भर दिला होता, कारण एका जागेतून एकदम अनेकांना लागण झालेली असू शकते.

सगळ्यात अवघड भाग संगणकाचा नाही, भीतीचा आहे. चार घरी काम करणाऱ्या ताईंचे नाव यादीत आले आणि चारही घरांनी त्यांचा पगार कापला, तर पुढच्या वेळी कोणीच खरे सांगणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये घरात शिरून घेतलेल्या झडत्यांनी पुण्यात किती संताप उसळला, हे आपल्या शहराला चांगलेच ठाऊक आहे. म्हणून नोंद कमीत कमी ठेवा: नाव, संपर्काचा मार्ग, भेटीचा दिवस. जात, धर्म, कमाई काही नको. मुदत संपली की यादी नष्ट करा. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रुग्णाचे नाव टाकू नका, हे तर आजपासूनच पाळा.

आता प्रत्येकाला एक काम. विद्यार्थ्यांनी चार आजारांसाठी, प्रत्येकी एका पानाची प्रश्नावली मराठीत तयार करावी. डॉक्टरांनी ती तपासावी. सोसायट्यांनी आणि वस्त्यांनी प्रत्येकी दोन विश्वासू माणसे द्यावीत, त्यांतली एक बाई असावी. कामावर येऊ न शकलेल्या ताईंचा पगार देण्याचा ठराव या महिन्याच्या सभेत करावा. तयार कागद वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावा आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या सूचनांनुसारच तो वापरावा. पावसाची वाट पाहू नका; या रविवारी आपल्या इमारतीखाली, आपल्या चौकात जमा आणि पहिले पान लिहायला घ्या.