चांदीचे वजन आणि इतिहासाचे मोल

जुने चांदीचे नाणे हाती आले की दोनच प्रश्न विचारले जातात: चांदी किती आणि भाव काय? इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातील, म्हणजे १७१४ ते १८३० मधील, दुर्मिळ नाणी जमविणारे संग्राहकही पुष्कळदा याच प्रश्नांपाशी थांबतात. वस्तुतः ते नाणे मूळचे कोणाचे होते आणि पुढे कोणाचे झाले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या काळात चांदीच्या नाण्यांची टंचाई भासू लागली, तेव्हा १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचा छोटा ठसा उमटवून ते चलनात आणले. १८०४ मध्ये तर असे डॉलर बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत नव्या साच्याने पुन्हा पाडण्यात आले. त्यांतील काहींवर नव्या मुद्रेखाली जुन्या मुद्रेच्या रेषा आजही दिसतात.

नाशिककरांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. १९०६ मध्ये याच जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटविली होती. सत्तांतराचा हा पुरावा इतका भक्कम ठरला, तो सारा ठेवा एकत्र अभ्यासला गेला म्हणून. तो मोडीत गेला असता तर इतिहासाचे एक पान कायमचे हरवले असते.

दुर्दैवाने कायदाही तराजूच हाती घेतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. पण सरकार तो ठेवा घेते तेव्हा मोबदला ठरतो तो धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढाच. मग एखाद्याने मुकाट्याने आटणीची वाट धरली, तर नवल ते काय? ठेव्याच्या ऐतिहासिक मोलानुसार मोबदला देण्याची तरतूद झालीच पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत समाजाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. सातपूरच्या कारखान्यांत साचा आणि प्रेस रोज हाताळणाऱ्या कामगारास दुहेरी ठसा ओळखणे अवघड नाही. सातपूरवरून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच, अंजनेरीस, १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे. घरातील जुने नाणे चिंचेने घासून उजळू नये. ते कोठून आले याची टीप करून ठेवावी. आटविलेल्या चांदीचे वजन कायम राहते, तिच्यावरचा इतिहास मात्र उरत नाही.