नेमलेली भूमिका हा तुरुंग नव्हे

टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, एकेका पात्राच्या मुखाने बोलत रंगवावयाच्या खेळांत पात्रांच्या वर्गांना ठराविक भूमिका असाव्यात की नसाव्यात, हा वाद जुना आहे. भूमिका नेमली की कल्पनेचा कोंडमारा होतो, हा पक्ष ऐकावयास गोड वाटतो. पण तो टिकणारा नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार व धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. नवख्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र! तो संपला की बिचाऱ्याने इतरांचे पराक्रम पाहत बसावे. पुढे तोच प्रबळ झाला की योद्ध्यावर तीच पाळी. स्वातंत्र्य सर्वांना सारखे होते. काम मात्र नव्हते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने रक्षक, प्रहारक, नायक व नियंत्रक अशा चार भूमिका उघडपणे नेमून दिल्या. योद्ध्याने हेरलेल्या शत्रूने त्याला वगळून दुसऱ्यावर हल्ला केला, तर त्याच्या फाशातून २ वजा होत. धर्मोपासक सोबत्याची जखम भरून त्याच फेरीत प्रहारही करू शके. ‘नायक’ या नावात हुकमत नव्हती. इतरांना सावरण्याचे कर्तव्य होते.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप खरा आहे. या भूमिका लढाईपुरत्याच होत्या. दरबारातील वाटाघाटीत योद्ध्याने काय करावे, याविषयी त्या मूक होत्या. पण अपुरी व्याख्या पुरी करावयाची असते, पुसून टाकावयाची नसते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नावे पुसली. कामे काही गेली नाहीत. मुरलेल्या खेळाडूंना ती ठाऊकच असतात. अंधारात राहतो तो नवागत. ज्यांना वर्गच नकोत, त्यांच्यासाठी १९७८ चा ‘रूनक्वेस्ट’ आहे. ती वाट प्रामाणिक आहे. वर्ग ठेवून त्यांचे काम न सांगणे, हे मात्र प्रामाणिक नव्हे.

परमुलखात पदावर रुजू झालेल्या आपणांस हे अधिक सांगावयास नको. कर्तव्ये लेखी असली म्हणून कोणाचा स्वभाव हरपत नाही. ती लेखी नसली, की जो मोठ्याने बोलतो त्याचेच चालते. आणि मुकाट बसलेला शेवटपर्यंत मुकाटच राहतो.