'उपचार सोडले' हा शेरा नेमका कोणावर?



आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याआधी महिनाभर ताप येत-जात होता, पायांवर निळे डाग उठत होते. परभणीत दोन डॉक्टर झाले. तिसऱ्याने रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्याच रात्री मुंबईची गाडी पकडायला सांगितले. आजाराचे पूर्ण नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. उपचार वेळेवर आणि पूर्ण झाले तर बहुतेक मुले यातून बरी होतात, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले. हा लेख त्यातल्या 'पूर्ण' या शब्दाबद्दल आहे.

पूर्ण म्हणजे किती? दोन ते अडीच वर्षे. पहिले काही महिने केमोथेरपी, पाठीच्या कण्यात इंजेक्शने, पुन्हा पुन्हा रक्त तपासणी. त्यानंतर दीड-दोन वर्षे रोजच्या गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. स्टेरॉइड चालू असताना आमची मुलगी रात्री दोन वाजता उठून वरण-भात मागायची. केस गेले तेव्हा तिने पहिल्यांदा आरसा मागितला आणि नंतर बरेच दिवस मागितला नाही. पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा ताप आला तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते. म्हणून सुरुवातीचे महिने कुटुंबाला रुग्णालयाजवळच राहावे लागते. परभणीहून ये-जा करून हे उपचार होत नाहीत.

आम्ही टिकलो ते कशामुळे, हे प्रामाणिकपणे सांगतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले असल्यामुळे अर्ज भरता आले, अधिकाऱ्यासमोर बोलता आले. संस्थेतल्या सहकाऱ्यांनी आमचे काम वाटून घेतले आणि पगार चालू ठेवला. नायगावच्या बीडीडी चाळीत एका कार्यकर्त्याने आपल्या एका खोलीच्या घरात आम्हाला दीड महिना ठेवले. नंतर भाड्याची खोली घेतली. दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागली. कोणी सोडली? जिचा पगार कमी होता तिने. म्हणजे आमचे मूल चळवळीच्या नात्यांमुळे वाचले. ज्याच्याकडे ही नाती नाहीत त्याचे काय?

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर सहा वर्षांचा मुलगा होता. आजार तोच. आई-बाप बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. उन्हाळ्यातच दोघांनी मिळून एका कोयत्याची उचल घेतली होती आणि ती घरावर, जुन्या देण्यात खर्च झाली होती. उपचार आषाढात सुरू झाले. मुलगा चांगला प्रतिसाद देत होता. दिवाळी जवळ आली तशी टोळी निघण्याची वेळ झाली आणि मुकादमाचे फोन सुरू झाले: कामावर या, नाहीतर उचल परत करा. औषधे योजनेतून मोफत होती, पण मजुरी चार महिन्यांपासून बंद होती. बायको मुलाजवळ बसली तर कोयता अर्धा, आणि मुकादम अर्धा कोयता मानत नाही. शेवटी त्यांनी मुलाला गावी आजीकडे ठेवले आणि दोघे कारखान्यावर गेले. पुढच्या तारखेला ते आले नाहीत. फाईलवर शेरा पडला: उपचार सोडले.

संक्रांतीनंतर आम्ही फोन केला. बाप एवढेच म्हणाला, "आता येऊन काय करू, भाऊ?"

मित्रांनो, हा शेरा वाचून आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. कारण संस्थेच्या अहवालांत आम्ही स्वतः अनेकदा लिहिले आहे, 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव'. हे वाक्य लिहायला सोपे असते आणि त्यात व्यवस्थेला कुठेच हात लागत नाही. त्या बापाला मुलाच्या गोळ्यांची नावे आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. त्याच्याकडे जागृती होती, मजुरी नव्हती. गरिबाच्या अडचणीला अज्ञान म्हणणे ही जुनीच सवय आहे. शेकडो वर्षे आपल्यालाही तेच ऐकवले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान, औषधांचा अभाव आणि उपचार अर्धवट सुटणे, ही त्यामागची कारणे. यातले शेवटचे कारण डॉक्टरांच्या हातात नाही, ते सरकारच्या हातात आहे.

महाराष्ट्रात महात्मा फुल्यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. तिची दीड लाखाची मर्यादा 5 लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. ही योजना नसती तर आमच्यासारखेही बुडाले असते, तिचे मोल आम्ही नाकारत नाही. पण ही योजना पैसे देते रुग्णालयाला. मुलाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात कुठेच मोजलेली नाही.

सरकारला हे समजत नाही, असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी, त्यात मुलांचे आजारपणही आले, सेवाकाळात 730 दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. ही रजा योग्यच आहे. पण मग ऊस तोडणाऱ्या आईच्या मुलाला आई लागत नाही का? क्षयरोग्याला पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये थेट खात्यात मिळू लागले, 2024 मध्ये ते 1000 झाले. रक्कम तोकडी आहे, पण आजारात नुसते औषध पुरत नाही, हे सरकारने तिथे मान्य केले. मग कर्करोगाच्या मुलासाठी का नाही? कामगार विम्यातही आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतो, मूल आजारी पडले तर नाही.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी स्वतः चार लेकरे गमावली होती. राजरत्न गेला तो 1926 साली. मात्र कायदेमंडळात त्यांनी दयेची भाषा वापरली नाही, हक्काची वापरली. आणि ती फक्त आपल्या समाजापुरती नव्हती, गिरणीतल्या प्रत्येक कामगार बाईसाठी होती. आमच्या शेजारचे ते कुटुंबही आपल्या समाजाचे नव्हते. म्हणून ही मागणी कमी आंबेडकरवादी ठरत नाही.

आमच्या मागण्या तीन. एक, उपचार चालू असेपर्यंत एका पालकाला किमान वेतनाइतकी भरपाई थेट खात्यात. दोन, मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाजवळ निवास, आणि तो हक्क म्हणून. आज दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि काही संस्था हा भार वाहत आहेत. बाबांनी धर्मशाळा बांधल्या म्हणून सरकार मोकळे होत नाही. तीन, गोळ्यांच्या टप्प्यातली तपासणी जिल्हा रुग्णालयात.

आता थोडे आपल्याबद्दल. आमच्या वस्तीतही एक मावशी म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी." घरात बुद्धमूर्ती आणि तोंडात हे! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत ठामपणे नाकारला आहे. दुःखाला कारण असते आणि ते शोधून दूर करायचे असते. स्वतः बुद्धाने आनंदासोबत आजारी भिक्षूला धुऊन-पुसून त्याची सेवा केली. धम्म तिथे आहे.

आणि 14 एप्रिलची रक्तदान शिबिरे. ती जरूर घ्या. पण प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. एप्रिलमध्ये दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेटचा मे महिन्यातल्या मुलाला उपयोग नाही. आम्ही एका रात्री सतरा फोन केले तेव्हा एक दाता मिळाला. प्रत्येक विहारात रक्तगटानुसार वर्षभराची यादी ठेवा, महिन्याला पाच जण पुरेत. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या कार्यकर्त्यांनी बाहेरगावच्या एका कुटुंबाची एका महिन्याची सोय वाटून घ्यावी. कागदपत्रांसाठी एक मुलगा, एक मुलगी तयार करा. हे करताना वर लिहिलेल्या मागण्यांचे निवेदन आपल्या आमदाराला द्या. कारण आपली सेवा हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही.

आमची मुलगी आता पहिलीत जाते. गोळ्या अजून चालू आहेत, या वर्षाअखेरीस संपतील. तिच्या फाईलवर 'उपचार पूर्ण' असे लिहिले जाईल. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही तेच मिळायला हवे होते.

नमो बुद्धाय. जय भीम!