शेवटच्या तीस गोळ्या

भुसावळहून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागलं की वरणगाव येतं. तिथल्या आयुध निर्माणीत गेली सहा दशकं काडतुसं बनतात. ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटर ही त्यातली दोन ठळक मापं. पूर्वी हे आकडे निर्माणीत कामाला जाणाऱ्यांच्या घरात ऐकू यायचे. आता ते जळगावच्या कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर आणि धुळ्याच्या देवपुरातल्या गच्च्यांवरही ऐकू येतात. चार पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, कानात हेडफोन, आणि मध्येच एकाची हाक : "फाइव्ह आहे का रे कोणाकडे?" उत्तर येतं, "सेव्हन आहे, फाइव्ह नाही." गावाकडचा कोणी असला तर थेट अहिराणीत, "गोया सरी गयात ना भाऊ!" म्हणजे, गोळ्या संपल्या.

'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे पोरांचं बीजीएमआय, जुलै २०२१ मध्ये भारतात आलं, पुढच्या वर्षी बंद झालं आणि २०२३ मध्ये परतलं. घरोघरी त्याची चर्चा होते ती डोळे, झोप आणि अभ्यास यांवरून. ती व्हायलाच हवी. पण हा खेळ आतून कसा रचलाय, तो खेळणाऱ्यांना सारखी संधी देतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वरच्या हाकेत आहे. बंदुकीच्या खेळात समतोल बंदुकांच्या ताकदीवर जितका ठरतो, त्याहून अधिक गोळ्यांच्या तुटवड्यावर ठरतो.

याचा पुरावा बीजीएमआयमध्येच सापडतो. त्यातल्या 'टीडीएम' प्रकारात चार विरुद्ध चार अशी गोदामातली लढत असते. जो संघ आधी चाळीस बळी घेईल तो जिंकतो. तिथे गोळ्या संपतच नाहीत. मग खेळ कसा होतो? कोपऱ्यावर कोणी असो वा नसो, बोट ट्रिगरवर दाबून ठेवायचं. एम४१६ सारखी झटपट बंदूक, चांगला फोन आणि जलद इंटरनेट ज्याच्याकडे, त्याचं पारडं जड. मेलेला खेळाडू लगेच परत येतो हेही एक कारण आहे, पण उधळपट्टी होते ती गोळ्या फुकट असतात म्हणून.

आता तीच पोरं, त्याच बंदुका घेऊन 'क्लासिक', म्हणजे शेवटपर्यंत टिकण्याच्या बॅटल रॉयाल सामन्यात उतरतात. शंभर खेळाडू, आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद इरांगेलचा नकाशा. गोळ्या घराघरांतून वेचायच्या आणि पिशवीत जागा असेल तेवढ्याच न्यायच्या. प्रत्येक गोळी जागा खाते. जास्त गोळ्या घेतल्या तर मलमपट्टी आणि धुराचे बॉम्ब मागे राहतात. इथे बंदूक निवडताना तिची ताकद नंतर पाहिली जाते, गोळी कुठली मिळतेय हे आधी. चौघांनीही ५.५६ च्या बंदुका घेतल्या तर आकसत जाणाऱ्या नकाशाच्या शेवटच्या वर्तुळात चौघं एकदमच रिकामे होतात. म्हणून जाणता संघ आधीच वाटणी करतो : दोघांनी फाइव्ह चालवायचं, दोघांनी सेव्हन. हातातल्या तीस गोळ्यांवर दार धरून बसलेला पोरगा शेवटपर्यंत टिकतो, आणि शंभर गोळ्या हवेत उडवून आपली जागा सांगून बसलेला महागड्या फोनवाला बाद होतो. कमी साधनांच्या खेळाडूला एवढी संधी दुसऱ्या कुठल्याच नियमाने मिळत नाही.

एडब्ल्यूएम या बंदुकीचंच पाहा. सगळ्यात जाड हेल्मेटही ती एका गोळीत फोडते. ती घराघरांत मिळाली असती तर खेळ त्याच दिवशी मेला असता. पण ती येते विमानातून पडणाऱ्या पेटीत, सोबत वीस गोळ्या घेऊन, आणि त्या मापाची गोळी नकाशावर इतरत्र सहसा वेचायला मिळत नाही. पेटीचा लाल धूर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ती घ्यायला जाणं हाच मोठा धोका. वीस नेम, मग ती बंदूक निव्वळ ओझं.

ही युक्ती जुनी आहे. १९९७ च्या 'गोल्डनआय ००७' मध्ये सोनेरी पिस्तूल एका फटक्यात मारायचं, पण त्यात एका वेळी एकच गोळी बसायची. नेम चुकला की पुन्हा भरेपर्यंत तुम्ही उघडे. 'एपेक्स लेजेंड्स'मध्ये पेटीतून मिळणाऱ्या खास बंदुकांच्या गोळ्या दुसरीकडून भरून घेताच येत नाहीत. सगळ्यात बोलका दाखला 'काउंटर-स्ट्राइक'चा. तिथली एडब्ल्यूपी ही स्नायपर ४,७५० डॉलरची, खेळातल्या पैशात अर्थातच. ती महाग ठेवून झाली, तिच्या बळीचं बक्षीस नेहमीच्या ३०० ऐवजी १०० डॉलर ठेवून झालं, तरी एक कसलेला नेमबाज अख्खी वाट एकटा अडवून धरायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तिच्या मॅगझीनमधल्या गोळ्या दहावरून पाचवर आणल्या. बंदुकीची ताकद तसूभरही कमी केली नाही. फक्त पाच गोळ्या काढल्या, आणि एकाच दमात दोन-तीन चुकीचे नेम परवडण्याचे दिवस गेले.

खऱ्या सैन्यांनाही हे गणित सोडवावं लागलं आहे. व्हिएतनाममध्ये सैनिक घाबरून अख्खं मॅगझीन रिकामं करतात हे पाहून अमेरिकेने पुढे एम१६ ए२ रायफलीला एका दाबात तीनच गोळ्या सुटतील अशी कळ बसवली. आपल्या इन्सास रायफलीतही तीच सोय आहे. खेळातली एम१६ देखील अशीच तीन-तीन गोळ्या सोडते. पोरं तिला नावं ठेवतात, पण तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

तुटवड्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. एका संघाला पहिल्याच घरात दीडशे गोळ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला नुसता तवा, तर त्यात कौशल्य कुठलं? ते नशीब झालं. म्हणूनच बीजीएमआयचं मूळ असलेल्या पीसीवरच्या पबजीच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये लूट, म्हणजे वेचायला मिळणारी साधनं, नेहमीपेक्षा वाढवलेली असते.

तुटवडा न्यायाने कसा वाटायचा, हा प्रश्न धुळे जिल्ह्याला नवा नाही. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत काही शतकं चालत आली. बंधाऱ्याखालचं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी-थोडी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. झळ सगळ्यांना लागते, पाटाच्या एकट्या शेपटाकडच्याला नाही. पाटकरी पाणी फिरवतो, त्याच्यावर गावाची नजर असते. साखरेचं पोतं वा पैसे देऊन कोणी आपली पाळी वाढवून घेतली असती, तर ती व्यवस्था त्याच दिवशी मोडली असती.

गेममधला तुटवडा असाच हवा : सगळ्यांना सारखा, आधी जाहीर केलेला, आणि पैशाने न फिरणारा. बीजीएमआय कपडे आणि बंदुकांचे रंग विकतं, गोळ्या विकत नाही; ही रेष कुठल्याही कंपनीने ओलांडू नये. पुण्याच्या सुपरगेमिंगने आधी 'मास्कगन' आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयाल बाजारात आणला. खेळ मराठी मुलुखात बनतात, तर न्यायाची ही रीतही इथूनच पुढे जावी.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हा जळगाव-धुळ्यात हॉल भाड्याने घेऊन स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. एका सामन्यावर बक्षीस देऊ नका. किमान पाच-सहा सामने खेळवा, वेगवेगळ्या नकाशांवर, आणि सगळ्यांचे गुण मिळून निकाल लावा, म्हणजे एका घरात न मिळालेली गोळी दुसऱ्या सामन्यात मिळेल. लुटीचं प्रमाण किती ठेवलंय ते प्रवेश फी घेण्याआधी फलकावर लिहा. आणि टीडीएमवर स्पर्धा भरवणार असाल तर तेही आधीच सांगा, कारण ज्याच्याकडे जुना फोन आहे त्या पोराला घरून निघण्याआधी हे कळायला हवं.